अठरा पट्ट्या

१

आमच्या घराण्यात तीन पिढ्या कापड फाडत आल्या आणि मी दात बनवतो. वडील, चंपालालजी, दुकानात गिऱ्हाइकांना मोठ्या तोंडानं सांगायचे, "आमचा अभयकुमार दातांच्या धंद्यात आहे. गिऱ्हाईक म्हातारं होईपर्यंत वाट बघावी लागते, एवढंच." गिऱ्हाईक बोळक्या तोंडानं हसायचं आणि आठवड्याभरात माझ्याकडे माप द्यायला यायचं. वडिलांची थट्टाही फुकट जायची नाही.

जळगावात डॉ. खाचणे यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं बस्तान होतं. एक लांब टेबल, मेण वितळवायला स्पिरिटचा दिवा, प्लास्टरचं पिंप आणि भिंतीला फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येकावर मी ओल्या प्लास्टरमध्येच टाचणीनं नाव कोरायचो. नवा माणूस ती फळी पाहून दचकायचा. मला त्या जबड्यांची सोबत वाटायची, कारण ते उधारीही मागत नाहीत आणि सल्लाही देत नाहीत.

डॉक्टर चेहरे ओळखत, मी चावा ओळखायचो. मेणाच्या पट्टीवर माणसानं दात रोवले की ती त्याची सही. कोण एका बाजूनं चावतो, कोणाची दाढ दुखते, कोण झोपेत दात खातो, सगळं मला त्या खुणांतून कळायचं. या बाबतीत माझी कधी चूक झाली नव्हती. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मला हीच गोष्ट खोटी ठरवायची होती, आणि ती ठरली नाही.

२

एकोणसत्तर सालच्या मार्चमध्ये सावद्याची मंदा आमच्याकडे आली. वय वीस. बाप पितांबर केळीचा बागाईतदार. ती जळगावात मामाकडे उतरली होती आणि रोज अकराच्या सुमाराला आई सुनंदाबाई तिला घेऊन यायच्या.

मंदाचं तोंड पंधरा वर्षं उघडलं नव्हतं. कानापुढे जिथे खालचा जबडा बिजागरीसारखा बसतो, तिथे दोन्ही बाजूंना हाड हाडाला चिकटून एक झालं होतं. लहानपणी हनुवटीवर आपटलं तर क्वचित असं होतं. डॉक्टरांनी सगळ्या आयुष्यात अशा तीनच केसेस पाहिल्या होत्या. जबडा हलला नाही म्हणून वाढला नाही, म्हणून हनुवटी मागे दबलेली. गावची पोरं तिला चिमणी म्हणायची. सहाव्या वर्षी कोणीतरी डावीकडचे दोन दात पाडून एक खिंड केली होती. त्या खिंडीतून सुनंदाबाई बोटानं तिला कुस्करलेलं केळं, पेज, दुधात कालवलेला भात भरवत आल्या होत्या. चौदा वर्षं, दिवसातून चार वेळा.

मुंबईच्या सर्जननं ते चिकटलेलं हाड कापून काढलं आणि पुढचं काम आमच्यावर सोपवलं. हे पुढचं काम म्हणजे व्यायाम. कापलेलं हाड पुन्हा जुळायला टपलेलं असतं. घसा तपासताना जीभ दाबायला जी लाकडी पट्टी लागते, तशा पट्ट्यांची चळत दातांत धरायची, दोन-चार दिवसांनी तीत एक पट्टी वाढवायची आणि रोज तासभर तसंच बसायचं. दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण खाडा करायचा नाही. आठवडा चुकला तर दरवाजा बंद. डॉक्टरांना वेळ नव्हता, म्हणून ही पहारेदारी माझ्याकडे आली.

पहिल्या दिवशी सात पट्ट्या बसल्या. अठरा बसल्या की माणसासारखं तोंड झालं, असं मी तिला सांगितलं.

"अठरा झाल्यावर काय खाशील?" मी विचारलं. मला वाटलं, केळीवाल्याची मुलगी आहे, अख्खं केळं सोलून खाईन म्हणेल.

तिनं पट्ट्या काढल्या. नवं बोलणं तिला अजून जड जायचं. "पापड," ती म्हणाली. "भाजेल पापड. असा आवाज करीसन खाईन का मामाच्या वाड्यात ऐकू जाईन."

मी हसलो. "मारवाड्याला पापड सांगतेस? आमच्या सज्जनबाईंच्या हातचा आणतो." सज्जनबाई माझी बायको.

मंदा हसली. हसायची सवय नसलेलं ते हसू होतं, वाकडं आणि घाईचं. फार गोड वाटली ती मला. आम्हाला मूल नव्हतं, हेही एक कारण असेल.

३

अकरा पट्ट्यांपर्यंत सगळं सुरळीत चाललं. तास संपला की मी चळत सोडवून टाकून द्यायचो. त्या दिवशी सर्वांत खालची पट्टी हातात राहिली आणि धंद्याची खोड म्हणून मी ती उजेडात धरली.

पट्टीवर मंदाच्या खालच्या दातांच्या खुणा होत्या. दाटीवाटीनं उगवलेले, एकावर एक चढलेले तिचे दात मला आता पाठ झाले होते. पण त्या खुणांच्या आत, घशाच्या बाजूला बोटभर अंतरावर, आणखी एक ओळ होती. बारीक, नीटस, कमानदार. चार टिंबं ओळीत, पाचवं थोडं खोल. मधलं एक टिंब अर्धंच होतं.

दुधाचे दात. तीन वर्षांच्या मुलाचा चावा.

मी मनात म्हटलं, मामाच्या घरी पोरं असतील, एखाद्यानं पट्टी चघळली असेल. पण पट्ट्या माझ्या खोक्यातून निघत आणि माझ्या खोलीतच राहत. मग म्हटलं, कारखान्यातच कोणाच्या पोरानं चावली असेल. दुसऱ्या दिवशी मी नवं खोकं फोडलं, अकराही पट्ट्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहिल्या आणि स्वतःच्या हातानं तिच्या दातांत बसवल्या.

तासानं काढल्या तर खालच्या पट्टीवर तीच ओळ, तेच अर्धं टिंब, आणि ओलं.

डॉक्टरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एखादा दुधाचा दात राहिला असेल, अभय. जबडाच वाढलेला नाही." त्यांनी बॅटरी घेऊन मंदाचं तोंड तपासलं, एक्स-रे पुन्हा काढला. दुधाचा एकही दात नव्हता. "लाकडाचे तंतू दबले असतील," ते म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. मलाही ते पटवून घ्यायचं होतं.

मग एके दिवशी आवाज आला. मंदा खुर्चीत बसली होती, पट्ट्या दातांत, हात मांडीवर. सुनंदाबाई दाराशी बसून दुपारच्या जेवणाचा डबा उघडत होत्या. वरण-भाताचा वास खोलीत पसरला आणि कोणीतरी टाळूला जीभ लावून चुटकन आवाज केला. लहान मूल ताट पाहून करतं तसा. पुन्हा एकदा. पुन्हा.

मी मंदाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत नव्हते, जीभ पट्ट्यांखाली दबलेली होती. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिच्या नजरेत आश्चर्य नव्हतं. तिला ते आधीपासून माहीत होतं.

४

डॉक्टरांनी तिला रात्री घालायला एक प्लेट करायला सांगितली. त्यासाठी वरच्या आणि खालच्या जबड्याचं माप घेतलं. संध्याकाळी मी साच्यांत प्लास्टर ओतलं, ओलं असतानाच टाचणीनं दोन्हींवर नाव घातलं, "मंदा पितांबर, सावदा", आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी गेलो.

सकाळी साचे सोडवले. वरचा जबडा मंदाचा निघाला.

खालचा माझ्या तळहातावर मावला, वर जागा उरली. दहा दात, स्वच्छ, एकही कीड नाही. पुढच्या दोनांपैकी डाव्याचा कोपरा उडालेला. तळाशी माझ्याच अक्षरात मंदाचं नाव.

त्या महिन्यात मी एकाही लहान मुलाचं माप घेतलं नव्हतं. वही पाहिली, साचे मोजले, कचऱ्याची बादली उपडी केली. डोकं मुनिमासारखं हिशेब जुळवत बसलं होतं. सुनंदाबाई कधी आत आल्या ते कळलंच नाही.

त्यांनी जबडा उचलला. तुटक्या दातावरून अंगठा फिरवला.

"उंबऱ्यावर आपटला व्हता," त्या म्हणाल्या. "दात तुटला तरी रडला नही. हसला."

"कोण, सुनंदाबाई?"

"भिकन. मंदाच्या पाठचा." त्यांनी जबडा पदरात घेतला. "दोन पोरं गेल्यावर देवापाशी भीक मांगीसन घेतेला, म्हनून नाव भिकन ठेयलं. आखाजीचा झोका बांधेल व्हता निंबाले. मंदा त्याले मांडीवर घीसन बसली. दोर तुटला."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते असं. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. मंदाच्या हनुवटीला फुटलं होतं, तिकडे कोणी पाहिलं नाही. पोर जेवत नाही, तोंड उघडत नाही, तर भावाच्या दुःखानं दातखीळ बसली असेल म्हणून घर गप्प राहिलं. वर्षानं कळलं की ती खीळ दुःखाची नसून हाडाची आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, विस्तवात घास टाकतात. पण इतक्या लहान पोराची घागर भरायची त्यांच्याकडे रीत नव्हती. त्याच्या नावाचा घास कुठेच पडायचा नाही.

"मंग मी मंदाले भरवतांना म्हनो," सुनंदाबाई म्हणाल्या, "हा भिक्याचा, आन हा तुहा. तुह्या तोंडानं त्याले पोचू दे."

"रोज?"

"रोज. पह्यला त्याचा."

५

त्या दिवसापासून सुनंदाबाई बदलल्या. डबा मोठा झाला. आमरस, पुरणाची पोळी, सांजोरी, तुपात भिजवलेला शिरा, लहान मुलाला आवडेल असं सगळं त्या आणू लागल्या. मंदाच्या तोंडात पट्ट्या बसल्या की समोर बसून त्या बोलत. "काय रे माह्या राजा, भूक लागली? आते उघडलं दार. आते पोटभर खाय." आणि त्या उघड्या तोंडातून चुटचुट आवाज यायचा. त्या हसायच्या, रडायच्या. जन्मात मी इतकी सुखी बाई पाहिली नाही. मला त्यांची भीती वाटू लागली होती, आणि त्यांचा राग धरता येत नव्हता.

मंदा मात्र वाळत चालली. भरवलेलं सगळं संपायचं, पण डॉक्टरांच्या काट्यावर ती दर आठवड्याला कमीच भरायची. पट्ट्या चौदापर्यंत गेल्या आणि मग तेरावर आल्या.

मी चिडलो. सुनंदाबाई बाहेर नळावर डबा धूत होत्या, तेव्हा मी मंदाला म्हटलं, "तोंड मुद्दाम आवळतेस का? पुन्हा हाड जुळलं तर दुसऱ्यांदा कोणी कापणार नाही. जन्मभर त्या खिंडीतून पेज पिशील."

तिनं दाराबाहेर एकदा पाहिलं. मग म्हणाली, "अभयभाऊ, घास माले लागतच नही. जिभेवर येते, आन जाते. माले चवच नही."

मी हातातल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या.

"आन तोंड उघडलं का आई त्याच्याशीच बोलते." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते फार वाईट होतं. "बंद व्हतं तवा निदान दुसरा घास तरी माह्या नावाचा व्हता."

"तू तिला सांग."

"काय सांगू? माह्याच हातून पडला तो." तिनं आपले हात पाहिले. "आईनं एक डाव माले माह्या नावानं बलावलं, आन घास देला, तर मी अठरा काय, वीस पट्ट्या धरीन. तुमी सांगा तिले."

म्हणजे सगळं एवढ्यावर येऊन ठेपलं होतं. एक घास आणि एक नाव.

६

दुसऱ्या दिवशी मी सज्जनबाईंचे पापड फडक्यात बांधून आणले. पापडाच्या तुकड्याला काही अठरा पट्ट्या लागत नाहीत. सुनंदाबाईंना मी बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं आणि हात जोडले.

"ताई, मी दात बनवणारा माणूस, मला अक्कल शिकवायचा अधिकार नाही. पण आज हा एक तुकडा मंदाला द्या. तिच्या नावानं. त्याचं नाव नको, फक्त आजच्या दिवस. ही पोरगी उपाशी आहे हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा कोसळला. "माही पोर," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलंच नही तिच्याकडे. तवाबी नही, आतेबी नही." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उठल्या. त्यांच्या मनात तेव्हा खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन.

दुपारचे बारा वाजले होते. खिडकीतून टेबलावर लख्ख ऊन होतं. मी स्पिरिटच्या दिव्यावर पापड भाजला, ज्या दिव्यावर रोज मेण वितळवायचो त्यावर. पापड फुलला, हिंगमिऱ्यांचा वास सुटला. मंदा खुर्चीत ताठ बसली. तिनं केसांना तेल लावलं होतं आणि वेणीत अबोली माळली होती. एका पापडाच्या तुकड्यासाठी.

खोलीत चुटचुट सुरू झाली. आम्ही तिघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुनंदाबाईंनी तुकडा मोडला. मी बॅटरी धरली, दात नीट बसतात का पाहायला. मंदानं तोंड उघडलं, दुखत होतं तरी होईल तेवढं उघडलं. डोळे आईच्या तोंडाकडे लावले.

तुकडा ओठांपाशी गेला. आईचा हात चौदा वर्षं ज्या वाटेनं जात होता त्याच वाटेनं गेला, आणि तोंडातून तेच आलं जे त्या वाटेवर रोज येत होतं.

"खाय, भिक्या."

त्यांना स्वतःलाही ते लगेच कळलं नाही. पण माझ्या बॅटरीचा उजेड आत होता, आणि मी पाहिलं. मंदाचे दात अजून उघडे होते. वरचे वर, खालचे खाली, मध्ये चांगलं दोन बोटांचं अंतर. तरीही तुकडा घट्ट धरलेला होता. आत, जिभेवर, अंधारात. एका बारीक पांढऱ्या ओळीनं, जिचा एक दात अर्धा होता. आणि कुर्रकन आवाज झाला.

फार मोठा आवाज. मामाच्या वाड्यात ऐकू जाईल असा.

मंदाच्या गालावरून पाणी ओघळलं. ती आईकडे पाहत होती, रागानं नव्हे. मग तिनं तोंड मिटलं, सावकाश, माणूस घर सोडताना कडी लावतो तसं. दातावर दात बसल्याचा एकच टक् आवाज आला आणि खोलीतली चुटचुट थांबली.

"मंदा," सुनंदाबाई म्हणाल्या. "मंदा! अगं मंदा!"

मंदानं तोंड उघडलं नाही.

७

त्यानंतर तिनं एकही पट्टी धरली नाही. डॉक्टर ओरडले, बाप सावद्याहून येऊन पाया पडला. तीन आठवड्यांत हाड जुळलं. मुंबईहून पत्र आलं की अशी केस पुन्हा बंद होते, पण इतक्या लवकर झाल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टरांनी ते फायलीत लावलं. प्लास्टरचा छोटा जबडा सुनंदाबाईंकडेच राहिला, मी मागितला नाही.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आठवड्यात सावद्याच्या एका म्हाताऱ्याची कवळी पोचवायला गेलो. पाय आपोआप पितांबरच्या घराकडे वळले. अंगणात निंब होता, त्याला झोका नव्हता. ओसरीवर मायलेकी जेवायला बसल्या होत्या.

मंदाच्या अंगावर मांस आलं होतं. मला पाहून तिचे डोळे हसले. मी जवळ बसलो. सुनंदाबाईंनी कुस्करलेलं केळं बोटावर घेतलं आणि म्हणाल्या, "मंदा, घे." मग दुसरा घास, "हा मंदाचा." तिसरा, "माही मंदा." पहिला तिचा, दुसराही तिचा. चौथाही.

"आते असंच," मंदा मिटल्या दातांतून म्हणाली. तिचं बोलणं पुन्हा पूर्वीसारखं झालं होतं, पण मला कळलं. "तोंड मिटलं तवा आईनं माहं नाव घेतलं, अभयभाऊ. आते माले चव लागते."

मी मान हलवली. तिला हवं ते मिळालं होतं, आणि ते असं मिळालं होतं.

मी उठणार तेवढ्यात ते ऐकू आलं. मंदा शांत बसली होती, दात बंद, ओठ बंद. त्या बंद दातांच्या मागे कोणीतरी रडत होतं. फार हळू. भुकेल्या मुलाला आपल्याला कोणी ऐकत नाही हे कळतं, तेव्हाचं रडणं. मध्येच तो थांबे, आणि आतून दातांवर बारीक ठकठक होई.

मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांचं बोट घासासकट हवेत थांबलं होतं. त्यांचे ओठ एका नावासाठी हलू लागले.

मंदा आईकडे पाहत राहिली.

सुनंदाबाईंनी डोळे मिटले, घास पुढे केला, आणि आवाज चढवून, जवळजवळ ओरडून म्हणाल्या, "मंदा! खाय, मंदा! मंदा!"